व्याजदराची बातमी आणि हातातले आयटी शेअर : कोल्हापुरातील नव्या गुंतवणूकदारासाठी

कोल्हापुरात बचतीच्या वाटा बऱ्याच काळापासून ठरलेल्या आहेत. बँकेतील किंवा पतसंस्थेतील ठेव, गुजरीतून घेतलेले सोने, जमल्यास उपनगरात एखादा प्लॉट आणि जोडीला भिशी, एवढ्यात बहुतेक घरांचा हिशेब बसत असे. अलीकडे यात मोबाइलवर उघडलेल्या डिमॅट खात्याची भर पडली आहे. त्या खात्यातील पहिला शेअर पुष्कळदा एखाद्या आयटी कंपनीचा असतो, कारण घरातला मुलगा किंवा पुतणी हिंजवडीत नाहीतर बेंगळुरूत त्याच कंपनीत नोकरीला असते आणि नाव ओळखीचे वाटते. मग एके दिवशी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने म्हणजे फेडरल रिझर्व्हने व्याजदराविषयी काही जाहीर केल्याची बातमी येते आणि सकाळी सव्वानऊला तोच ओळखीचा शेअर तीन टक्के खाली उघडतो. विकावे, थांबावे की आणखी घ्यावे, हे त्या क्षणी कोणालाच धड सांगता येत नाही आणि व्हॉट्सअॅपच्या गटावर मात्र प्रत्येकाचे उत्तर तयार असते.

अशा सकाळी करायचे काम थोडेच असते. त्यासाठीची बहुतेक तयारी आधीच्या निवांत दिवसांत करून ठेवावी लागते. पुढील पायऱ्या त्या क्रमाने मांडल्या आहेत. यातील कंपन्यांची नावे बाजार कसा चालतो ते दाखवण्यासाठी आली आहेत, खरेदीची शिफारस म्हणून नव्हेत.

पायरी पहिली : आपल्या घरावर व्याजदराचा भार आधीच किती आहे, ते पाहावे

शेअरकडे वळण्यापूर्वी घराचा कागद मांडावा. बँकांनी दिलेली बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर) बाह्य दराशी जोडणे बंधनकारक झाले आहे आणि तो दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने लावला जातो. याचा अर्थ असा की रिझर्व्ह बँकेच्या निर्णयावर तुमच्या घरातील पैशाचा एक मोठा व्यवहार तुम्ही शेअर घेण्याच्या आधीपासूनच लागलेला आहे. वीस वर्षे मुदतीच्या ३० लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांना सुमारे २६,०३५ रुपये येतो आणि साडेसात टक्क्यांना सुमारे २४,१६८ रुपये. एका टक्क्याने महिन्याला अठराशेहून अधिक रुपयांचा फरक पडतो. शेअर बाजारात हातात जेमतेम लाखभर रुपये गुंतवलेल्या माणसासाठी हा फरक शेअरच्या रोजच्या चढउतारापेक्षा अधिक खरा असतो, तरी त्याची चर्चा फारशी होत नाही. पुष्कळदा बँक हप्ता तसाच ठेवून मुदत कमीजास्त करते, त्यामुळे तो फरक डोळ्यांना दिसतही नाही. कर्जाचे विवरणपत्र मागवून उरलेले महिने मोजले की कळतो.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला ठेवी लिहाव्यात. व्याजदर उतरले की ठेवीचे नूतनीकरण कमी दराने होते आणि निवृत्त मंडळींचे मासिक उत्पन्न घटते; याच टप्प्यावर अनेक जण ठेव मोडून शेअरकडे वळतात. ती ठेव कोठे आहे हेही याच वेळी तपासावे. बँकेतील, सहकारी बँका धरून, प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या रकमेला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. जोखीम फक्त शेअर बाजारातच असते असे समजून चालणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

तिसरा रकाना पगाराचा. मुलगा आयटीत, त्याच्या पगारावर पुण्यातील फ्लॅटचा हप्ता, त्याला कंपनीकडून मिळालेले शेअर आणि त्यावर कोल्हापुरात वडिलांनी घेतलेले पुन्हा आयटीचेच शेअर, अशी स्थिती आपल्याकडे दुर्मिळ नाही. अमेरिकेतील ग्राहकांनी खर्चाला कात्री लावली तर पगारवाढ, नोकरी आणि शेअरचा भाव हे तिन्ही एकाच वेळी अडचणीत येतात. अशा घराने आयटी शेअरचे प्रमाण इतरांपेक्षा कमीच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मग मुलगा आतली खबर म्हणून काहीही सांगो. तशी खबर खरी असेल आणि त्यावर व्यवहार केला, तर तो गुन्हाच ठरतो, हा भाग वेगळा.

शेवटी, जे पैसे तीन-चार वर्षांत लागणार आहेत ते बाजूला काढावेत. जूनमधील कॉलेजची फी, ऊसलागणीचा खर्च, गाळ्याची अनामत, घरातील लग्न यांचे पैसे शेअरमध्ये येता कामा नयेत, कारण व्याजदरामुळे होणारी पडझड भरून निघायला किती काळ लागेल हे बाजार सांगत नाही. अमेरिकेचा तंत्रज्ञान कंपन्यांनी भरलेला नॅस्डॅक निर्देशांक मार्च २००० मधील शिखरावरून ऑक्टोबर २००२ पर्यंत सुमारे ७८ टक्के कोसळला आणि ते शिखर पुन्हा गाठायला २०१५ उजाडले.

पायरी दुसरी : हातातील कंपनी नेमकी कोणत्या प्रकारची आहे, ते ओळखावे

‘टेक शेअर’ या एका नावाखाली निदान तीन निरनिराळे धंदे मोडतात आणि व्याजदराचा फटका तिघांना तीन वाटांनी बसतो.

टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल टेक, विप्रो किंवा पुण्याची पर्सिस्टंट या सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचे उत्पन्न मुख्यतः डॉलरमध्ये येते, त्यातील मोठा वाटा अमेरिकेतील बँका, विमा कंपन्या, किरकोळ साखळ्या यांच्याकडून येतो आणि खर्चाचा मोठा भाग पगारांचा असतो. यातील मोठ्या कंपन्यांवर कर्ज जवळजवळ नसते, त्यामुळे रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्का कमी केला म्हणून त्यांचा व्याजाचा खर्च वाचला असे काही होत नाही. त्या दिवशी बँका, वाहन उद्योग, घरबांधणी यांचे शेअर हलतात. आयटी शेअर बहुधा आपल्याच तालात असतात. या कंपन्यांसाठी महत्त्वाचे केंद्र वॉशिंग्टन आहे. फेडने दर चढवले की अमेरिकी ग्राहक नवे प्रकल्प लांबणीवर टाकतात. पण त्याच वेळी डॉलर वधारतो आणि रुपया घसरल्याने प्रत्येक डॉलरमागे अधिक रुपये मिळतात. २०२२ च्या आरंभी डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता, वर्षअखेरीस ८२ च्या पुढे. म्हणजे एकच बातमी एका हाताने मागणी काढून घेते आणि दुसऱ्या हाताने रुपयाचा फायदा देते.

दुसरा गट आपल्याकडील ॲपवाल्या कंपन्यांचा. पेटीएम, झोमॅटो (कंपनीचे नाव आता इटर्नल) यांसारख्या कंपन्या बाजारात आल्या तेव्हा नफा आजचा नव्हता, पुढे केव्हातरी होणार होता. त्यांचे मूल्य दूरच्या भविष्यावर उभे असल्याने व्याजदर आणि बाजाराचा मूड यांचा त्यांच्यावर अधिक परिणाम होतो. झोमॅटोचा शेअर जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना विक्रीस आला, पहिल्या दिवशी शंभरीच्या पुढे गेला आणि वर्षभराने ५० च्या खाली आला. त्या घसरणीत आधीच्या भागधारकांवरील विक्रीबंदी उठल्याचाही हात होता, हे विसरू नये. पेटीएमचा शेअर २,१५० रुपयांना दिला गेला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये नोंदणीच्या पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के खाली बंद झाला. तेव्हा फेडची दरवाढ सुरूही झाली नव्हती. मूळ किंमतच अवाच्या सवा असेल तर व्याजदराची वाट पाहावी लागत नाही.

तिसरा गट एनव्हिडिया, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या अमेरिकी कंपन्यांचा, जो आपल्यापर्यंत बहुधा म्युच्युअल फंडामार्फत येतो. तेथे शेअरच्या भावासोबत डॉलरचा भावही तुमच्या खात्यात वरखाली होतो, एवढे लक्षात ठेवले तरी सुरुवातीला पुरेसे आहे.

पायरी तिसरी : व्याज वाढले की भाव का पडतो, ते एकदा कागदावर करून पाहावे

हा हिशेब दहावीच्या चक्रवाढ व्याजाएवढाच आहे आणि तो स्वतः केल्याशिवाय पुढचे काहीच नीट उलगडत नाही. समजा एखाद्या व्यवसायातून दहा वर्षांनी तुम्हाला १०० रुपये मिळणार आहेत. बँकेत ६ टक्के व्याज मिळत असेल, तर आज ५५ रुपये ८४ पैसे ठेवले की दहा वर्षांनी त्यांचे १०० होतात. म्हणून त्या दूरच्या शंभराची आजची किंमत ५५ रुपये ८४ पैसे. व्याज ८ टक्के झाले तर आज केवळ ४६ रुपये ३२ पैसे ठेवणे पुरते. व्यवसायात काहीही बिघडलेले नाही, मिळणारे शंभर रुपये तसेच आहेत, तरी त्यांची आजची किंमत १७ टक्क्यांनी उतरली. आता हेच शंभर रुपये दोन वर्षांनी मिळणार असतील तर आजची किंमत ८९ रुपयांवरून ८५ रुपये ७३ पैशांवर, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी उतरते. वीस वर्षांनी मिळणार असतील तर ती ३१ रुपये १८ पैशांवरून २१ रुपये ४५ पैशांवर येते, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा जातो.

तंत्रज्ञान कंपन्या व्याजदराला इतक्या हळव्या का, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. ज्यांचा नफा दूरचा, त्यांना वाढत्या व्याजाचा मार मोठा. ज्यांचा नफा आज हातात पडतो आणि लाभांशाच्या रूपाने वाटलाही जातो, त्यांना लहान. प्रत्यक्षातही असेच घडले. फेडने मार्च २०२२ मध्ये शून्याच्या आसपास असलेला दर वाढवायला सुरुवात केली आणि जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. २०२२ या एका वर्षात नॅस्डॅक सुमारे ३३ टक्के उतरला. आपला निफ्टी आयटी निर्देशांक त्याच वर्षी सुमारे २६ टक्क्यांनी घसरला, पन्नास मोठ्या कंपन्यांचा निफ्टी ५० निर्देशांक मात्र चार टक्क्यांच्या आसपास वाढला. याच काळात टीसीएसचा वार्षिक नफा २०२१-२२ मधील सुमारे ३८ हजार कोटींवरून २०२२-२३ मध्ये सुमारे ४२ हजार कोटींवर गेला होता, तरी २०२२ च्या अखेरीस तिचा शेअर वर्षारंभीच्या भावाच्या खालीच होता. नफा वाढत होता. त्या नफ्याच्या प्रत्येक रुपयासाठी बाजार द्यायला तयार असलेली किंमत कमी होत होती. कंपनी बिघडली की फक्त तिची किंमत उतरली, हा प्रश्न पडझडीच्या दिवशी प्रथम विचारावा आणि त्याचे उत्तर भावात नाही तर तिमाही निकालात शोधावे.

पुढच्या म्हणजे २०२३ या वर्षी नॅस्डॅक सुमारे ४३ टक्के वर गेला आणि तेव्हा व्याजदर अजून चढेच होते. त्यामुळे वरचा हिशेब दिशा समजण्यासाठी वापरावा, भविष्य सांगण्यासाठी नव्हे.

पायरी चौथी : बैठकांच्या तारखा आधीच दिनदर्शिकेवर टिपून ठेवाव्यात

रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती २०१६ मध्ये स्थापन झाली. तिच्यात सहा सदस्य असतात, तिघे बँकेचे आणि तिघे सरकारने नेमलेले बाहेरचे. मते समान पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक ठरते. महागाई ४ टक्के, दोन्हीकडे २ टक्क्यांची सूट धरून, राखणे हे तिचे उद्दिष्ट. बैठक साधारण दर दोन महिन्यांनी होते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला, म्हणजे बाजार सुरू असतानाच, गव्हर्नर निर्णय वाचून दाखवतात. बैठकीचे इतिवृत्त चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होते. ते वाचणारा सामान्य गुंतवणूकदार विरळा, पण कोणत्या सदस्याने काय म्हणून मत दिले हे त्यातच कळते.

फेडची समिती वर्षातून आठ वेळा भेटते आणि तिचा निर्णय आपल्याकडे रात्री येतो : अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना साडेअकराला, एरवी मध्यरात्रीनंतर साडेबाराला. अध्यक्षांची पत्रकार परिषद त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू होते आणि बाजार पुष्कळदा त्या परिषदेत उलटा फिरतो. ती पाहत जागण्याची गरज नाही. इन्फोसिस आणि विप्रो यांच्या शेअरच्या बदली चालणाऱ्या पावत्यांचे (एडीआर) व्यवहार न्यूयॉर्कच्या बाजारात होतात. त्या रात्रीत किती हलल्या हे सकाळी चहासोबत पाहिले तरी आपला बाजार कसा उघडेल याचा अंदाज येतो.

फेड आणि रिझर्व्ह बँक एवढेच पाहून भागते असेही नाही. जपानच्या मध्यवर्ती बँकेने ३१ जुलै २०२४ रोजी दर ०.२५ टक्क्यांवर नेला. येनमध्ये स्वस्तात कर्ज काढून जगभरचे शेअर घेतलेल्यांनी ते विकायला सुरुवात केली, अमेरिकेतील रोजगाराचे आकडेही त्याच आठवड्यात निराशाजनक आले आणि ५ ऑगस्टला जपानचा निक्केई निर्देशांक बारा टक्क्यांहून अधिक, तर आपला सेन्सेक्स २,२२२ अंकांनी कोसळला. उजळाईवाडीच्या विमानतळावरून टोकियोला थेट विमान नाही, तरी झटका त्याच दिवशी पोहोचला.

पायरी पाचवी : निर्णयापेक्षा अपेक्षाभंगाकडे पाहावे

नवखा गुंतवणूकदार एक सरळ सूत्र धरून चालतो : दर कमी झाला की शेअर घ्या, वाढला की विका. या सूत्राने होणारे नुकसान सर्वात जास्त आहे, म्हणून ही पायरी सावकाश वाचावी. दर काय होणार याचा अंदाज बाजाराने आठवडे आधी बांधलेला असतो आणि भाव त्याप्रमाणे सरकून बसलेला असतो. निर्णयाच्या दिवशी भाव हलतो तो अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातील फरकामुळे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी फेडने दर पाव टक्क्याने कमी केला. सूत्राप्रमाणे तंत्रज्ञान शेअर वाढायला हवे होते. त्या दिवशी नॅस्डॅक साडेतीन टक्क्यांहून अधिक पडला, कारण पुढील वर्षी पूर्वी वाटल्यापेक्षा कमी वेळा कपात होईल असे फेडने प्रसिद्ध केलेल्या अंदाजांत दिसले. दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स ९६४ अंकांनी उतरला. याउलट २६ ऑगस्ट २०२२ ला दराचा कोणताही निर्णय नव्हता. अमेरिकेतील जॅक्सन होल येथील परिषदेत फेडच्या अध्यक्षांनी केवळ एक छोटे भाषण केले आणि महागाई आटोक्यात येईपर्यंत दर चढे राहतील, त्यात घरांना आणि उद्योगांना त्रास होईल, असे सांगितले. नॅस्डॅक एका दिवसात जवळजवळ चार टक्के कोसळला. आपल्याकडेही ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता दर ४ वरून ४.४० टक्क्यांवर नेला. कोणाच्या ध्यानीमनी नसलेली ही वाढ जाहीर होताच सेन्सेक्स १,३०० अंकांनी आपटला. त्यानंतरच्या बैठकांतील वाढी आकाराने मोठ्या असूनही बाजाराने त्या तुलनेने शांतपणे घेतल्या.

म्हणून निवेदन वाचताना दर हा पहिला शब्द असला तरी तेथे थांबू नये. मते किती विरुद्ध किती पडली, धोरणाची भूमिका उदार (आणखी कपातीकडे कल असलेली) आहे की तटस्थ (दोन्ही वाटा खुल्या ठेवणारी), महागाई आणि विकासदराचे अंदाज मागील वेळेपेक्षा वर गेले की खाली, हे पाहावे. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर एकदम अर्धा टक्का कमी करून ५.५० टक्क्यांवर आणला आणि रोख राखीव प्रमाणही (बँकांनी ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा असतो तो) एक टक्क्याने घटवण्याचे जाहीर केले, पण त्याच निवेदनात भूमिका उदारवरून तटस्थ केली. एका हाताने मोठी कपात आणि दुसऱ्या हाताने ‘यापुढे लगेच फार अपेक्षा ठेवू नका’ असा इशारा. मथळ्यात फक्त कपात आली होती. पुढची पाव टक्क्याची कपात थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाली आणि दर ५.२५ टक्क्यांवर आला.

आणखी एक सावधगिरी. आयटी शेअर पडला की वृत्तवाहिन्या सवयीने व्याजदराचे कारण जोडतात आणि ते दर वेळी खरे नसते. २७ जानेवारी २०२५ ला एनव्हिडिया एका दिवसात सुमारे १७ टक्के पडली, ती डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्त कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातमीने. २२ सप्टेंबर २०२५ ला आपला निफ्टी आयटी सुमारे तीन टक्के घसरला, तो अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केल्यामुळे. त्याच्या काही दिवस आधीच फेडने व्याजदर कमी केला होता. कारण चुकीचे धरले की उपायही चुकतो.

पायरी सहावी : वही घालावी

खरेदीपूर्वी पाच-सहा ओळी लिहिण्याची सवय लावावी. ती मोबाइलमध्ये नको, कागदावर असावी, कारण कागदावरचे मागाहून सोयीस्कर बदलता येत नाही. उदाहरणादाखल एक नोंद अशी असू शकते :

‘अमुक आयटी सेवा कंपनी. एकूण गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नाही. मार्च २०३१ पर्यंत हे पैसे लागणार नाहीत. घेण्याचे कारण : कर्ज नाही, लाभांश नियमित, नव्या करारांची रक्कम वाढती. सलग चार तिमाह्या स्थिर चलनातील उत्पन्न वाढले नाही तर फेरविचार. फेड किंवा रिझर्व्ह बँकेच्या निर्णयानंतर दोन दिवस खरेदी-विक्री नाही.’

‘स्थिर चलनातील’ हे शब्द मुद्दाम आले आहेत. रुपया घसरला की कंपनीचे रुपयातील उत्पन्न आपोआप फुगते. धंदा खरोखर वाढला का, हे चलनाचा परिणाम वगळलेल्या आकड्यावरूनच कळते आणि कंपन्या तो आकडा निकालात स्वतंत्रपणे देतात. आयटी कंपन्यांचे निकाल जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत येतात, बहुधा टीसीएसपासून सुरुवात होते. वही उघडायची वेळ ती.

वहीचा दुसरा उपयोग ‘ॲव्हरेज करण्याच्या’ मोहावर होतो. भाव पडला म्हणून आणखी घेऊन सरासरी खाली आणणे नेहमीच चूक असते असे नाही, परंतु वहीतील मर्यादा ५ टक्क्यांची असेल आणि सरासरीच्या नादात ती १५ वर गेली असेल, तर तो निर्णय हिशेबाने नव्हे, हट्टाने घेतलेला आहे हे उघड दिसते.

पायरी सातवी : त्या सकाळी

रात्री फेडची बातमी आली आहे आणि बाजार खाली उघडणार हे दिसते आहे. नऊ ते सव्वानऊ या पूर्वसत्रात दिसणारे भाव पाहून घाई करू नये. सव्वानऊनंतरची पहिली काही मिनिटे भाव झपाट्याने हलतो, तेव्हा ‘मार्केट’ प्रकारची ऑर्डर टाकली तर मिळणारा भाव आणि पडद्यावर दिसलेला भाव यात अंतर पडू शकते. व्यवहार करायचाच असेल तर भाव ठरवून ‘लिमिट’ ऑर्डर टाकावी. रिझर्व्ह बँकेच्या दिवशी सकाळी दहा ते अकरा या वेळेला हेच लागू. वहीत ‘दोन दिवस काही नाही’ असे लिहिले असेल तर ॲप बंद करून कामाला लागावे. उद्यमनगरात लेथ थांबवून भाव पाहत बसणाऱ्याचे दोन्हीकडून नुकसान होते.

याच सकाळी ‘निफ्टीचा पुट घ्या, दुपारपर्यंत दुप्पट’ असे निरोप सर्वाधिक फिरतात. पुट म्हणजे निर्देशांक पडला तर पैसे मिळवून देणारा ऑप्शनचा करार. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. नवख्याने या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासावा. खासगी बँक खात्यात पैसे भरायला सांगणारा किंवा अनोळखी दुव्यावरून ॲप उतरवून त्यात फुगलेला नफा दाखवणारा माणूस दलाल नसतो, ठग असतो. फसवणूक झालीच तर लाजेखातर गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे, कारण रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

पायरी आठवी : एकेक शेअर झेपत नसेल तर

निफ्टी ५० च्या निर्देशांक फंडात (निर्देशांकातील शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या म्युच्युअल फंडात) आयटी कंपन्यांचा वाटा सुमारे दहाव्या हिश्श्याचा असतोच, म्हणजे त्यात दरमहा हप्त्याने पैसे घालणाऱ्याकडे आयटी आपोआप येते आणि बँकाही येतात, ज्यांचे व्याजदराशी नाते निराळे आहे. ज्याला तिमाही निकाल वाचायला वेळ नाही त्याने एवढ्यावर थांबणे उत्तम. केवळ तंत्रज्ञान क्षेत्राचा फंड हा मधला मार्ग वाटतो, पण २०२२ सारख्या वर्षात तो निर्देशांकाबरोबरच खाली जातो. फक्त एका कंपनीची जोखीम टळते, क्षेत्राची नाही. आधीच्या वर्षाचा परतावा पाहून असा फंड घेणारे बहुधा शिखरावर शिरतात.

पायरी नववी : विकण्यापूर्वी कर मोजावा

बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे. त्यापुढे ठेवून विकल्यास एका आर्थिक वर्षातील सव्वा लाख रुपयांपर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही आणि वरच्या रकमेवर १२.५ टक्के आहे. अकरा महिने झालेला शेअर फेडच्या बातमीने घाबरून विकताना हा फरक डोळ्यांसमोर असावा. तोटा झाला असेल तर विवरणपत्र मुदतीत भरून तो पुढील आठ वर्षांपर्यंत ओढता येतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. विक्रीचा व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो, पैसे बँकेत यायला त्यानंतर आणखी थोडा वेळ लागू शकतो, म्हणून हप्त्याच्या आदल्या दिवशी शेअर विकून सोय होईल असे गृहीत धरू नये. दलालाच्या करारपत्रकांची प्रत ईमेलवर येते. वर्षअखेरीस ती आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणाशी ताडून पाहावी आणि डिमॅट खात्यावर वारसाचे नाव लावले आहे ना, हेही त्याच बैठकीत उरकून घ्यावे.